हिअर आणि लिसन : दोन्ही जर 'ऐकणे', तर दोन शब्द कशाला?

जाईची वेल :
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी सांगलीत संध्याकाळी घरीच इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते, बारा-पंधरा जणी येतात, कुणी अंगणवाडी सेविका, कुणी दुकान सांभाळणारी, दोन मुली नर्सिंगच्या. परवा हिअर आणि लिसन आले. मी तेच सांगितलं जे मला शाळेत सांगितलं होतं, की हिअर म्हणजे लक्ष न देता नुसतं कानावर पडणं आणि लिसन म्हणजे लक्ष देऊन ऐकणं. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. तेवढ्यात मागं बसलेल्या एका ताईंनी विचारलं, "मॅडम, आमची जमिनीची केस चालूय, कागदावर हिअरिंगची तारीख येते, मग साहेब लक्ष न देताच ऐकतात का?"

मला उत्तर देता आलं नाही. उद्या सांगते म्हणाले, आणि त्याला आज तीन दिवस झाले. डोक्यातून जात नाहीये. कारण एकदा शंका आली की मग सगळीकडे तेच दिसायला लागतं. "आय हर्ड शी गॉट अ जॉब", ही बातमी काय लक्ष न देता ऐकली? भांडणात माणूस म्हणतो "हिअर मी आउट", तेव्हा त्याला तर सगळ्यात जास्त लक्ष हवं असतं. म्हणजे मी इतकी वर्षं जे शिकवलं ते अर्धंच होतं. कुणी नीट उलगडून सांगाल का? मला त्या ताईंना खरं उत्तर द्यायचंय.

शब्दवेडा :
छान धागा. माझ्या मते गडबड 'लक्ष' या शब्दाने झालीये. लक्ष दिलं की नाही हा मुद्दाच नाही. लिसन म्हणजे आपण करायची क्रिया, कान लावणं. हिअर म्हणजे त्यातून जे हाती लागलं ते, आवाज पोचला किंवा गोष्ट पोचली. हे वाक्य बघा : "आय लिसन्ड, बट आय डिडंट हिअर एनिथिंग." मी कान देऊन ऐकलं, पण मला काहीच ऐकू आलं नाही. लिसन झालं, हिअर झालं नाही. आता उलट करून बघा, शेजारच्यांचं भांडण भिंतीतून येतंय, आपण कान दिलेला नाही तरी येतंय. तिथे हिअर झालं, लिसन नाही.

आणि आपल्या भाषेत हा फरक इंग्रजीपेक्षा जास्त स्वच्छ आहे हो. 'मी ऐकतो' आणि 'मला ऐकू येतं'. पहिल्यात मी कर्ता, दुसऱ्यात मी नुसता 'मला', आवाज आपल्या पायाने माझ्याकडे येतो. असंच 'मी बघतो' आणि 'मला दिसतं', लुक आणि सी. 'मी वास घेतो' आणि 'मला वास येतो', इथे तर इंग्रजीकडे दोन शब्दच नाहीत, दोन्हीला स्मेल. चव घेणं आणि चव लागणं, दोन्हीला टेस्ट. शाळेत आपल्याला हिअर म्हणजे ऐकणे, लिसन म्हणजे ऐकणे असं पाठ करून घेतलं आणि 'ऐकू येणे' हा आपला हक्काचा शब्द कुणी फळ्यावर लिहिलाच नाही. खरी चूक तिथे झाली.

उंबरठा :
मी पाचवी-सहावीला शिकवतो. तुमचं म्हणणं पटतंय, पण चाळीस मुलांच्या वर्गात एवढं खोलात जाता येत नाही. 'लक्ष देऊन' आणि 'लक्ष न देता' हे मुलांना चटकन कळतं, पेपरातल्या गाळलेल्या जागा बरोबर भरतात. सुरुवातीला तेवढं पुरे, असं माझं मत.

जाईची वेल :
उंबरठा सर, मीही अगदी हेच म्हणायचे. पण गाळलेल्या जागा भरल्या तरी ती मुलगी मोठी झाल्यावर बोलताना अडतेच ना. आणि 'ऐकू येणं' हा शब्द पाचवीच्या मुलाला 'लक्ष न देता ऐकणं' यापेक्षा सोपाच आहे की. घरात रोज वापरतो तो, नवीन काही शिकवायचं नाहीये.

काळा कोट :
ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायचा प्रयत्न करतो, रोजचं कामच ते आहे. कोर्टात लिसन शब्द येतच नाही, सगळीकडे हिअर. उच्च न्यायालयाचे कितीतरी आदेश उघडून बघा, पहिलं वाक्य असतं "हर्ड लर्नेड काउन्सेल फॉर द पार्टीज". आपल्याकडे तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयाच्या आदेशात लिहितात "उभय पक्षांचे म्हणणे ऐकून घेतले". यातला 'घेतले' फार महत्त्वाचा आहे. नुसतं 'ऐकले' नाही, ऐकून घेतले. म्हणजे तुमचं म्हणणं शेवटपर्यंत मांडून झालं, समोरच्यापर्यंत पोचलं आणि आता ते त्याच्या पदरात आहे, त्याने त्यावर निर्णय द्यायचाय.

न्यायाचं एक जुनं लॅटिन तत्त्व आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात, 'ऑडी आल्टरम पार्टेम', दुसऱ्या बाजूचंही ऐका. कुणाच्याही विरुद्ध निर्णय द्यायच्या आधी त्याला बोलायची संधी दिली पाहिजे, नाहीतर तो आदेश वरच्या कोर्टात रद्द होऊ शकतो. इंग्रजीत याला 'राइट टू बी हर्ड' म्हणतात. 'राइट टू बी लिसन्ड टू' असं कुणी म्हणत नाही, कारण साहेबांनी मनापासून कान दिला की नाही हे कुणी मोजू शकत नाही, पण तुमचं म्हणणं नोंदीवर आलं की नाही हे मात्र मोजता येतं. तेव्हा जाईताई, तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, हिअरिंग म्हणजे लक्ष न देता ऐकणं अजिबात नव्हे. आपलं म्हणणं पोचवायचा दिवस म्हणजे हिअरिंग.

बाकी 'सुनावणी' शब्दाची एक गंमत कायम वाटते मला, मराठीत 'सुनावणे' म्हटलं की शिक्षा सुनावणे नाहीतर खडे बोल सुनावणे, बोलणारा साहेब आणि ऐकणारे आपण. सुनावणीत मात्र बोलायचं आपण आणि ऐकायचं साहेबांनी.

वसईचा वारा :
काळा कोट यांनी जे लिहिलं त्यावरून आठवलं, आमच्याकडे चर्चमध्ये इंग्रजी मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थनाविधी, असली की प्रत्येक विनंतीनंतर सगळे मिळून म्हणतात "लॉर्ड, हिअर आवर प्रेयर". मराठीत आम्ही प्रार्थना 'ऐक' म्हणतो. लहानपणापासून म्हणतोय पण हिअर का, हा विचार कधी केला नव्हता. देवाने लक्ष न देता ऐकावं असं कोण मागेल! आमची हाक तुझ्यापर्यंत पोचू दे, हेच ते मागणं. धन्यवाद या धाग्याबद्दल.

रातपाळी :
मी इंग्लंडमध्ये हॉस्पिटलात नर्स आहे, मूळची कोल्हापूरची. माझी या दोन शब्दांवरून झालेली फजिती सांगते, म्हणजे वर्गातल्या नर्सिंगच्या मुलींना उपयोग होईल. नवीन आले तेव्हा एकदा दुसऱ्या वॉर्डातून फोन आला, लाइन खराब, आणि मी दोन-तीनदा जोरात म्हणाले "आय ॲम नॉट लिसनिंग यू". मला म्हणायचं होतं तुमचं ऐकू येत नाहीये. पलीकडच्या बाईंना काय पोचलं, तर 'मी तुमचं ऐकणारच नाही'. त्या एकदम गप्प झाल्या आणि फोन ठेवून दिला. संध्याकाळी सिनिअरनी बोलावून शांतपणे समजावलं, "आय कान्ट हिअर यू" म्हण. रात्रभर वाईट वाटत होतं कारण माझ्या मनात उद्धटपणा नव्हता हो, फक्त शब्द चुकला होता.

पण हे दोन शब्द मला खरे कळले ते स्टेथोस्कोपने. इथे डॉक्टर पेशंटला सांगतात "आय ॲम गोइंग टू लिसन टू युवर चेस्ट". ही झाली क्रिया. मग स्टेथोची चकती, म्हणजे डायफ्राम, पाठीवर ठेवतात, पेशंटला दीर्घ श्वास घ्यायला लावतात, वर, मधे, खाली, दोन्ही बाजूंना. आणि मग म्हणतात "आय कॅन हिअर क्रॅकल्स ॲट द बेस", फुफ्फुसाच्या तळाशी चरचर ऐकू येतेय. हे झालं सापडलेलं. पोटाच्या ऑपरेशननंतर आतड्यांचे आवाज तपासतात, पोटावर स्टेथो ठेवून वाट बघत उभं राहायचं, आणि नोट्समध्ये लिहायचं "बॉवेल साउंड्स हर्ड" किंवा "नॉट हर्ड". तिथे कुणी लिसन्ड लिहीत नाही, कारण तुम्ही कान लावला होता हे गृहीतच आहे, पुढच्या पाळीला फक्त मिळालं काय ते हवं असतं. १८१६ मध्ये पॅरिसला लेनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून छातीवर ठेवली, तिथून स्टेथोस्कोप आला, आणि त्या तपासणीला ऑस्कल्टेशन म्हणतात, तो शब्दही लॅटिनमधल्या 'कान देऊन ऐकणे' यावरूनच आलाय.

अजून एक, मुलींना सांगा की परदेशी जाण्यासाठी इंग्रजीची जी आयईएलटीएस परीक्षा देतात त्यात 'लिसनिंग' असतं, 'हिअरिंग टेस्ट' नाही. चाळीस प्रश्न, अर्ध्या तासाचं ऑडिओ आणि ते एकदाच ऐकवतात. हिअरिंग टेस्ट म्हटलं की ती कानाच्या डॉक्टरकडची.

सीमाभाग :
बेळगावहून लिहितोय. आमच्या घरी मराठी आणि बाहेर कन्नड. कन्नडमध्ये 'केळु' म्हणजे ऐकणे आणि केळु म्हणजेच विचारणे पण. मित्राला म्हटलं केळु, तर ऐक की विचार हे संदर्भावरून कळतं. पण ऐकू येण्याला वेगळं रूप आहे, 'केळिसु'. फोनवर विचारतात 'केळिसुत्ता?', ऐकू येतंय का. म्हणजे शब्दवेडा म्हणतात तसं हे आपल्या सगळ्या भाषांत आहेच, हिंदीतही सुनना आणि सुनाई देना. म्हणून वाटतं की इंग्रजी शिकवताना मातृभाषा बाहेर ठेवा असं जे सांगतात ते बरोबर नाही. फरक मातृभाषेतच आधी सापडतो.

शब्दवेडा :
अगदी बरोबर. आणि एक सांगायचं राहिलं, लिसन या शब्दाचं मूळ आणि आपल्या संस्कृतातला 'श्रु' धातू हे एकाच घरातले आहेत, भाषाशास्त्रात हे नातं मान्य आहे. ज्या श्रु पासून श्रवण, श्रोता, बहुश्रुत. म्हणजे लिसन आपल्याला तसा परका नाही. रेडिओवर 'श्रोतेहो' म्हणायचे ते लिसनर्सच.

जाईची वेल :
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. रातपाळी, तुझी पोस्ट मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

हे सगळं वाचताना मला माझ्या बाबांची गोष्ट आठवली आणि लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाबा साखर कारखान्यात फिटर होते, तीस वर्षं मशिनरीच्या आवाजात काढली. रिटायर झाल्यावर घरात रोजची कटकट सुरू झाली. आई स्वयंपाकघरातून काही बोलायची, बाबा उत्तर द्यायचे नाहीत. आम्ही सगळे म्हणायचो, "बाबा ऐकतच नाहीत." नातवंडं म्हणायची "आजोबा लक्षच देत नाहीत." बाबा चिडायचे, मला आवाज येतो, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता म्हणायचे. पाच-सहा वर्षं हे चाललं. लोकांकडे जाणं कमी केलं त्यांनी, भजनी मंडळ सोडलं, आणि आम्ही त्याला स्वभाव म्हणत राहिलो.

शेवटी कानाची तपासणी केली. त्या बंद खोलीत काचेतून मी त्यांना बघत होते. कानावर हेडफोन, हातात बटण, बीप ऐकू आली की दाबायचं. बाबा पुढे वाकून बसले होते, डोळे घट्ट मिटलेले, अंगठा बटणावर ठेवून श्वास रोखून. इतकं मन लावून ऐकणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. आणि बाहेर तपासणाऱ्या मुलीच्या मशीनवर आवाज वाढत चाललाय, वाढत चाललाय, आणि बाबांचा अंगठा काही हलत नाहीये.

मी तिथेच रडले. आम्ही म्हणत होतो ते ऐकत नाहीत, आणि ते तर जीव तोडून ऐकत होते, त्यांना ऐकू येत नव्हतं. बाबांच्या बाबतीत आम्ही एक शब्द चुकीचा वापरला आणि पाच-सहा वर्षं त्यांना दोष दिला. आता मशीन लावलंय. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "हा पंखा एवढा वाजतो होय?"

डेसिबल :
जाईताई, तुमची पोस्ट वाचून थांबलो जरा. मी ऑडिओलॉजीमध्येच, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणीचं, काम करतो आणि 'ऐकतच नाहीत' हे वाक्य आठवड्यातून चार-पाच वेळा तरी नातेवाइकांच्या तोंडून ऐकतो. दोष तुमचा नाही, हा त्रास दिसतच नाही बाहेरून.

थोडं सांगतो. आम्ही साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर तपासतो आणि प्रत्येक सुराला किती डेसिबलवर पहिल्यांदा ऐकू येतं ते आलेखावर मांडतो. २५ डेसिबलपर्यंत ठीक समजतात. मशिनरीच्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा आलेख बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखा खाली जातो, आणि वयानेही वरच्या पट्टीचे सूर आधी जातात. आता भाषेत गंमत अशी की अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि स, श, फ, ट, क असली व्यंजनं वरच्या. म्हणून अशा माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही. 'साखर' आणि 'भाकर' सारखंच वाटतं. तुमचे बाबा म्हणत होते ना, मला आवाज येतो, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता. ते शब्दशः खरं सांगत होते. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी हरवतात तेही यामुळेच.

आणि पंख्याचं म्हणाल तर मशीनला हिअरिंग एड म्हणतात ते योग्यच आहे, ते हिअर करून देतं, पंखा, भांडी, रस्ता सगळं आणून टाकतं. त्यातून हवं ते निवडून घेणं, म्हणजे लिसन, ते मेंदूला परत शिकावं लागतं, काही आठवडे जातात. त्या काळात लोक मशीन डब्यात ठेवून देतात. बाबांना रोज थोडा वेळ वाढवत लावायला सांगा, शांत खोलीत एकाच माणसाशी बोलण्यापासून सुरुवात. समोर बसून, तोंड दिसेल असं बोला, ओरडू नका. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, तिथे तपासणी आणि मशीनबद्दल चांगलं मार्गदर्शन मिळतं, धागा वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरी असं असेल तर नक्की जा.

घाटमाथा :
धागा खूप आवडला. माझे दोन साधे प्रश्न आहेत, ऑफिसच्या मीटिंगमधले. सगळे "ॲम आय ऑडिबल?" विचारतात ते बरोबर आहे का? आणि लिसनला टू लावायचं की नाही, मी कायम विसरतो.

शब्दवेडा :
ॲम आय ऑडिबल हे आपलं 'माझा आवाज येतोय का' आहे, व्याकरणात चूक नाही पण इंग्लंड-अमेरिकेत सहज बोलताना "कॅन यू हिअर मी?" म्हणतात. हिअरबरोबर कॅन खूप येतं हे लक्षात ठेवा. "आय ॲम हिअरिंग यू" असं सहसा नाही, "आय कॅन हिअर यू". कारण तेच, ती आपण चालू ठेवायची क्रिया नाही. लिसन मात्र चालू ठेवता येतं, "आय ॲम लिसनिंग".

टूचं असं, आपण 'गाणं ऐक' म्हणतो, मधे काही येत नाही, म्हणून टू सुटतो. तुम्ही मनात 'गाण्याकडे कान दे' असं म्हणा, त्या 'कडे'चा टू. लिसन टू द साँग. पुढे काही नसेल आणि नुसतं 'ऐक!' असेल तर टू नको. हिअरला कधीच टू नको.

आणि एक सावधगिरी, 'ऐकणे'चा आपला तिसरा अर्थ, मानणे. 'पोरगा ऐकत नाही', 'माझं ऐक, एवढ्यात घर घेऊ नको'. हे सगळं लिसन. तिकडे हिअर टाकलं की पोराचे कान तपासायला न्यावे लागतील असा अर्थ होईल. उलट 'मी असं ऐकलंय की', 'त्यांचं नाव ऐकलंय', 'कानावर आलंय' हे सगळं हिअर, बातमी पोचली म्हणून. पत्राच्या शेवटी 'आपल्या उत्तराची वाट पाहतोय' हेही हिअर फ्रॉम.

उंबरठा :
आज सहावीत करून बघितलं. फळ्यावर फक्त 'मी ऐकतो' आणि 'मला ऐकू येतं' लिहिलं आणि मुलांना वाक्यं करायला सांगितली. दहा मिनिटांत झालं. माझं आधीचं मत मागे घेतो.

जाईची वेल :
मंडळी, वर्ग झाला. सगळ्यांना एक मिनिट डोळे मिटून बसवलं आणि मग लिहायला सांगितलं. बाहेर गल्लीत कुल्फीवाल्याची घंटा, वरच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या, कुणाचा तरी फोन थरथरला. एकीनं लिहिलं, "आय लिसन्ड फॉर माय बेबी. आय हर्ड द कुकर." बाळ घरी आजीकडे ठेवून येते ती, घर दोन घरं सोडूनच आहे. लिसन फॉर मी शिकवलं नव्हतं, तिनं विचारलं की आवाज येतोय का म्हणून कान लावून बसले तर काय म्हणू, तेव्हा सांगितलं.

आणि जमिनीच्या केसवाल्या ताईंनी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "ही हर्ड माय ब्रदर. ही विल हिअर मी ऑन द नाइन्टीन्थ." मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, आता समजलं मॅडम, त्या दिवशी मला बोलायचंय.

काळा कोट :
त्यांना सांगा १९ तारखेला जाताना म्हणणं लेखी पण घेऊन जा. दोन प्रती करा, एक साहेबांकडे द्या आणि आपल्या प्रतीवर सही-शिक्क्यासकट पोच घ्या.